दरड, पाऊस आणि भूकंप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैत सह्याद्रीत कुठं दरड कोसळली, किंवा कोयनेला जमीन हलली, की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. काही घाटावरून, काही कोकणातून, काही मुंबई-पुण्यात राहून गावच्या काळजीत असलेल्यांकडून. ते इथं एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तिथं क्रमांक दिला आहे.

१. दरड पावसामुळे कोसळते की भूकंपामुळे?

महाराष्ट्रात जवळजवळ नेहमी पावसामुळे. २५-२६ जुलै २००५ ला महाड तालुक्यातली जुई, दासगाव, कोंडीवते, रोहन ही गावं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण, जिथं दीडशेच्या वर माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. यातल्या एकाही दरडीला भूकंपाचं निमित्त नव्हतं.

हिमालयात, तैवानात, जपानात चित्र वेगळं आहे. तिथं भूकंप आणि पाऊस एकाच उतारावर आळीपाळीने काम करतात, आणि वर्षानुवर्षांचा हिशेब तिथंच नीट दिसतो. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत तिकडची उदाहरणं येतील.

२. पाणी मुरून माती जड होते, म्हणून ती घसरते ना?

वजन वाढतं हे खरं, पण मुख्य कारण ते नाही. उतारावरची माती टिकते ती कणाकणांतल्या घर्षणावर. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की ते पाणी दाबाखाली येतं आणि कणांना एकमेकांपासून दूर रेटतं. पकड सुटते. वजन थोडंच वाढलेलं असतं, धरून ठेवणारं बळ मात्र घटलेलं असतं.

सह्याद्रीत याला खडकाची रचना हातभार लावते. बेसाल्टचे थर एकावर एक, काही ठिकाणी मधे तांबडा मातकट थर, आणि वर झिजलेल्या खडकाचा मुरूम व लाल माती. पाणी मुरमातून भराभर उतरतं आणि खाली घट्ट कातळ लागला की अडतं. मग ते आडवं वाहतं, जिथं वाट मिळेल तिथं झरा होऊन फुटतं. वाट मिळाली नाही तर तिथंच साचून दाब वाढवतं. एक हेक्टर जमिनीवर १०० मिमी पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. त्यातलं बरंचसं वाहून जातं, पण उरलेल्याला कुठून तरी बाहेर पडावंच लागतं. डोंगरातलं पाणी बाहेर निघतंय की आत कोंडतंय, हा माझ्या मते प्रत्येक गावाने आधी विचारायचा प्रश्न आहे.

३. मग भूकंप नेमकं काय करतो?

दोन कामं करतो. पहिलं तात्काळ: हादरा बसताना काही सेकंद उताराला आडवा धक्का बसतो आणि जे आधीच काठावर होतं ते सुटतं. ढोबळमानाने चार रिश्टरच्या खालच्या धक्क्याने दरडी पडत नाहीत. त्यापुढे भूकंप जितका मोठा, तितका प्रभावाचा पट्टा रुंद. चीनच्या सिचुआन प्रांतात १२ मे २००८ ला झालेल्या वेंचुआन भूकंपात (७.९) उपग्रहचित्रांवरून मोजलेल्या दरडी लाखाच्या वर होत्या. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या गोरखा भूकंपात (७.८) त्या सुमारे २५ हजार भरल्या. लांगटांग गाव बर्फ-दगडांच्या लोंढ्याखाली गेलं ते याच भूकंपात.

दुसरं काम उशिरा कळतं. जे पडलं नाही ते सैल होतं. खडकाच्या सांधी उघडतात, माथ्यालगत भेगा पडतात, आणि पडलेला मलबा घळींमध्ये तसाच पडून राहतो, पावसाची वाट बघत.

जागेतही फरक असतो. डोंगराच्या शेंड्यावर हादरा जास्त जोराने जाणवतो, त्यामुळे भूकंपाच्या दरडी बऱ्याचदा कड्याजवळून सुटतात. पावसाच्या दरडी पाणी गोळा होणाऱ्या खोलगट भागात आणि ओढ्याच्या अंगाला जास्त होतात.

४. भूकंप झाला, डोंगर जागचा हलला नाही. म्हणजे तो पक्का आहे असं धरायचं का?

नाही. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच.

जुन्या मातीच्या भिंतीला धक्क्याने बारीक तडा जातो, ती उभीच राहते, आणि पुढच्या पावसाळ्यात एखाद्या रात्री बसते. उताराचंही असंच होतं. तैवानमध्ये २१ सप्टेंबर १९९९ ला ची-ची भूकंप झाला. जुलै २००१ च्या अखेरीस तोराजी हे चक्रीवादळ आलं आणि त्याच भागातल्या घळींतून चिखल-दगडांचे लोंढे उतरले. बळी शंभराहून अधिक. मधे जवळपास दोन वर्षं गेली होती.

वेंचुआनच्या भागात ऑगस्ट २०१० मध्ये जोरदार पाऊस झाला. छिंगपिंग गावाजवळच्या वनजिया घळीत भूकंपाने टाकलेला मलबा एकदम खाली आला आणि भूकंपानंतर नव्याने बांधलेली घरं त्याखाली गेली. पुनर्वसनाची जागा निवडताना लोक कोसळलेल्या डोंगराकडे बघतात, घळीत अडकून बसलेल्या मलब्याकडे बघत नाहीत.

अलीकडचं उदाहरण जपानच्या नोटो द्वीपकल्पाचं. १ जानेवारी २०२४ ला ७.५ चा भूकंप, आणि २१ सप्टेंबरला त्याच वाजिमा-सुझू भागात अतिवृष्टी. पूर आणि दरडी दोन्ही. भूकंपग्रस्तांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या घरांतही पाणी शिरलं.

५. हा वाढलेला धोका किती वर्षं राहतो?

एकच आकडा सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. निरनिराळ्या भूकंपांनंतरच्या नोंदी पाहिल्या तर पहिले दोन-तीन पावसाळे सर्वांत वाईट, मग उतरता आलेख, आणि काही वर्षांत बहुतेक उतार पूर्वपदाच्या जवळ येतात. मोठ्या भूकंपांनंतर, जसा वेंचुआन, याला दशकभर लागू शकतं.

उतरण्याची कारणं साधी आहेत. जे सैल होतं ते पडून गेलेलं असतं, भेगा मातीने भरतात, मलबा दबून घट्ट होतो, त्यावर गवत-झुडपं उगवतात. पण सगळं एका वेगाने शांत होत नाही. पातळ मातीचे उतार लवकर सावरतात. घळीतला मलबा वाहून संपायला जास्त काळ लागतो. आणि कातळकड्यातली उघडलेली सांध भरून येतच नाही, ती फक्त रुंदावते.

याच कारणाने जपानचं हवामान खातं जोराचा भूकंप झालेल्या भागात दरडीच्या इशाऱ्याची पावसाची मर्यादा तात्पुरती खाली आणतं. तैवानमध्येही असंच करतात. उताराची ताकद परत येते तशी मर्यादा पुन्हा वाढवतात. आपल्याकडे इतकी शिस्तशीर पद्धत रुळलेली नाही. ती असायला हवी, निदान हिमालयात तरी.

६. किती मिलिमीटर पाऊस झाला की दरड कोसळते?

जगभरच्या नोंदींवरून १९८० मध्ये मांडलेलं एक जुनं सूत्र आहे. त्यानुसार चोवीस तासांत सुमारे १०० मिमी पाऊस झाला की उथळ दरडींचा धोका सुरू होतो. आता हे महाबळेश्वरला लावून बघा. तिथं जुलैत १०० मिमीचा दिवस म्हणजे नेहमीचा दिवस. रोज दरड पडत नाही, कारण हजारो वर्षांच्या अशा पावसात जे पडायचं ते पडून गेलं आहे. जिथला उतार, तिथलीच मर्यादा. कोरड्या भागातला डोंगर ज्या पावसाने खचेल, त्याने घाटमाथ्याचा डोंगर फक्त भिजेल.

म्हणून नेहमीपेक्षा किती जास्त, हा प्रश्न जास्त कामाचा. २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पडला. तिथल्या माणसांनाही हा आकडा नेहमीचा नव्हता. हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला २०४.४ मिमीच्या वर गेलं की ‘अत्यंत मुसळधार’. त्याच्या जवळजवळ तिप्पट.

दुसरी गोष्ट, एका दिवसाचा आकडा एकटा पुरत नाही. आदल्या तीन दिवसांची बेरीज पाहा. केरळात वायनाडला ३० जुलै २०२४ च्या पहाटे दरड आली तेव्हा आधीच्या दोन दिवसांत ५०० मिमीहून जास्त पाऊस झाला होता. गावात पाऊस मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सरळ भिंतींचं, तळापासून तोंडापर्यंत एकाच रुंदीचं भांडं उघड्यावर ठेवा, रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने उंची मोजा, वहीत लिहा आणि ओता. तालुक्याचं पर्जन्यमापक वीस किलोमीटरवर असेल, तर तुमच्या डोंगरावरचा पाऊस त्याला कळत नाही.

७. जूनमध्ये पाऊस कोसळतो तेव्हा काही होत नाही, जुलैअखेरच का घात होतो?

पहिल्या उत्तरातल्या तारखा पुन्हा पाहा: २५, ३०, २२, १९. वायनाडचीही ३०. बहुतेक पुष्य नक्षत्रात, ज्याला गावाकडं म्हातारा पाऊस म्हणतात, किंवा त्याच्या तोंडावर. यात नक्षत्राचा दोष नाही. जूनचा पाऊस उन्हाने तापलेली जमीन पिऊन टाकते. महिनाभर झड लागली की पोकळ्या भरत जातात, झरे उघडतात, आणि जुलैच्या शेवटी येणाऱ्या जोराच्या सरीला आत जागाच उरत नाही. जूनमध्ये ज्या पावसाने फक्त ओढा भरला, त्याच पावसाने जुलैअखेर डोंगर खाली येऊ शकतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. रस्त्यासाठी नुकताच उभा कापलेला उतार पहिल्याच जोराच्या पावसात येतो. त्याला जुलैची गरज नसते.

८. पाऊस उघडला. आता घरी परतायला हरकत नाही ना?

उथळ दरड बहुतेक वेळा पावसाचा जोर असतानाच येते. खोलवरची मात्र पाणी झिरपत खाली पोचल्यावर हलते, म्हणजे पाऊस थांबल्यावर काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी. परतण्याआधी भेगा वाढल्यात का, झऱ्याचं पाणी गढूळ आहे का, हे पाहून घ्या. अठराव्या उत्तरात ते सविस्तर आहे.

९. कोयनेला सारखे धक्के बसतात. पाटण तालुक्यात दरडी त्यामुळेच कोसळतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या तेव्हा तर फारच आला.

कोयना परिसरातले बहुतेक धक्के तीन रिश्टरच्या आसपासचे किंवा त्याहून लहान असतात. भांडी वाजतात, लोक बाहेर येतात, पण तिसऱ्या उत्तरात सांगितलेल्या मर्यादेपर्यंत ते पोचत नाहीत. पाचच्या वरचे धक्केही तिथं आजवर अनेकदा बसलेत, आणि ११ डिसेंबर १९६७ चा पहाटेचा भूकंप तर ६.३ चा होता. त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, जमिनीला भेगा पडल्याच्या नोंदी आहेत. पण तो डिसेंबरात झाला, डोंगर कोरडे होते, आणि त्याने सैल केलेली माती नंतरच्या पावसाळ्यांत केव्हाच वाहून गेली असणार. २०२१ च्या दरडींसाठी त्या दिवसांचा पाऊस एकटा पुरेसा होता.

तरीही पूर्ण ‘नाही’ म्हणवत नाही. कातळातल्या सांधी मातीपेक्षा जास्त काळ लक्षात ठेवतात, आणि सतत हलणाऱ्या पट्ट्यात कडे थोडे जास्त खिळखिळे असतील हे शक्य आहे. कड्याखालच्या वाड्यांनी पाचच्या आसपासचा धक्का बसला तर पुढचे दोन पावसाळे जास्त सावध राहावं. धक्के मोजत बसून पावसाकडे दुर्लक्ष मात्र करू नये.

१०. पावसामुळे भूकंप होऊ शकतो का?

थेट नाही, पण कोयनेची गोष्ट अपवाद म्हणून सांगावी लागते. धरणाचा जलाशय भरायला लागल्यापासून, म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, तिथं भूकंप नोंदले जात आहेत. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं हे जगातलं सर्वांत अभ्यासलेलं ठिकाण. पावसाळ्यात पाणी वाढतं, त्याचा भार आणि खडकात झिरपणारं पाणी आधीच ताणाखाली असलेल्या भ्रंशाला, म्हणजे खडकातल्या खोल तड्याला, ढकलतं. पावसाळा सरल्यावर सप्टेंबरच्या आसपास आणि पुढे डिसेंबरच्या सुमारास तिथली हालचाल वाढलेली दिसते. त्यासाठीच कराडला संशोधन केंद्र आहे आणि कोयना पट्ट्यात तीन किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं. पण ताण मुळात जमिनीत असतो, पाणी फक्त वेळ ठरवतं.

११. भर पावसाळ्यातच भूकंप झाला तर?

मग दोन्ही कारणं एका वेळी हजर. १८ सप्टेंबर २०११ ला सिक्कीममध्ये ६.९ चा भूकंप झाला तेव्हा पावसाळा संपलेला नव्हता. शेकडो दरडींनी रस्ते तुटले आणि मदत पोचायला वेळ लागला. जपानच्या होक्काइदोत ६ सप्टेंबर २०१८ ला ६.६ चा भूकंप झाला, आदल्याच दिवशी चक्रीवादळ तिथून गेलं होतं. ज्वालामुखीच्या राखेचे, पाणी धरून ठेवणारे थर हजारो ठिकाणी सरकले. भूकंप मध्यम, दरडी मात्र प्रचंड. गोरखा भूकंप एप्रिलऐवजी ऑगस्टमध्ये झाला असता तर नेपाळचा आकडा कुठल्या कुठे गेला असता.

१२. रात्री डोंगरातून गडगडण्याचा आवाज आला. भूकंप होता का?

असेलच असं नाही. वायनाडच्या दुर्घटनेनंतर ९ ऑगस्ट २०२४ ला तिथल्या लोकांनी जमिनीतून आवाज आणि कंप जाणवल्याचं सांगितलं. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या उपकरणांवर भूकंपाची नोंद नव्हती. आत खडक सरकतानाही असा आवाज येतो. पावसात आवाज आला तर भूकंपाची बातमी शोधत मोबाइल चाळू नका, आधी घराबाहेर पडा.

१३. किल्लारीला एवढा मोठा भूकंप झाला, तिथं दरडी का नाहीत?

सपाट प्रदेश. ३० सप्टेंबर १९९३ ला तिथं माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली.

१४. आमचं गाव दरडप्रवण गावांच्या यादीत नाही. मग निश्चिंत राहू?

इर्शाळवाडीही यादीत नव्हती. तिथं २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता म्हणून शोध थांबवावा लागला. यादी ही पाहणी झालेल्या ठिकाणांची असते आणि ती करताना पायवाटेनेच जाता येणाऱ्या वाड्या सुटतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभराचे दरडप्रवणतेचे नकाशे केले आहेत आणि ते भूकोश संकेतस्थळावर पाहता येतात. पण नकाशावरचा एक रंग मोठ्या क्षेत्राचा असतो, तुमच्या परड्यामागच्या उताराचा नाही. २०२४ मध्ये कोलकात्याला राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्र सुरू झालं. त्याच्या दैनिक इशाऱ्यांची सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि निलगिरीपासून झाली आहे.

१५. एकदा दरड पडून गेली ती जागा सुरक्षित होते ना?

कधी होते, कधी नाही. माती पूर्ण निघून कातळ उघडा पडला असेल तर तिथून पुन्हा पडायला बराच काळ लागतो, कारण पडण्याजोगं काही उरलेलंच नसतं. पण खाली साचलेला ढिगारा आणि वरच्या अंगाला लटकत राहिलेली कड, दोन्ही धोकादायक. सह्याद्रीत अनेक वाड्या अशाच जुन्या ढिगाऱ्यांवर वसल्या आहेत. चढावर थोडी सपाटी, जवळ झरा, खोल माती. वस्तीसाठी निवडलेली जागा हीच, आणि ती तशी झाली शेकडो-हजारो वर्षांपूर्वीच्या दरडीने.

१६. झाडं लावली की दरड थांबते का? आणि खाणीचे सुरुंग?

मुळं साधारण मीटर-दीड मीटर माती धरतात. उथळ दरडीला त्याचा खरा उपयोग, खोल दरडीला जवळजवळ नाही. वेळेचा मुद्दा इथंही आहे. झाडं तोडली की मुळं लगेच मरत नाहीत, काही वर्षांनी कुजतात, आणि नव्या झाडांची मुळं तोवर तयार नसतात. तोड आणि दरड यांच्यात काही वर्षांचं अंतर पडतं, म्हणून लोक दोन्हींचा संबंध जोडत नाहीत.

सुरुंगाचा धक्का क्षणाचा आणि जवळपुरता, भूकंपाशी त्याची तुलना होत नाही. मला जास्त भीती जेसीबीची वाटते. डोंगराचा पायथा कापला की वरच्या सगळ्या वजनाचा टेका जातो. माळीणनंतर पडकईच्या, म्हणजे उतारावर खाचरं पाडण्याच्या, कामांवर बरीच चर्चा झाली. हाताने, बांध घालून, पाण्याला वाट ठेवून केलेली पडकई पिढ्यान्‌पिढ्या टिकते. यंत्राने घाईत केलेलं सपाटीकरण ही वेगळीच गोष्ट आहे.

१७. दरडीने नदी अडवली तर धोका कधी संपतो?

बांध फुटेपर्यंत किंवा मुद्दाम पाणी काढून दिलं जाईपर्यंत संपत नाही. काश्मीरच्या ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात हट्टियां बाला इथं झालेला बांध २०१० च्या फेब्रुवारीत पावसानंतर फुटला, चार वर्षांहून जास्त काळाने. गढवालमधला गोहना तलाव १८९३ च्या दरडीने बनला आणि ऑगस्ट १८९४ मध्ये फुटला. अलकनंदेकाठचं श्रीनगर वाहून गेलं, पण तलावावर पहारा होता, तारेने इशारे पोचत होते, आणि खालची वस्ती आधीच हलवलेली होती.

१८. घरामागच्या उतारावर भेग पडली आहे. आत्ता काय करायचं?

पाऊस चालू असेल आणि भेग नवी असेल तर आधी माणसं हलवा, जनावरांची दावी सोडा, मग बाकीचं. भरपूर पाऊस असताना ओढ्याचं पाणी एकाएकी आटणं, झरा गढूळ होणं किंवा भलतीकडे फुटणं, झाडं-खांब कलणं, दार चौकटीत अडकायला लागणं, यातलं काहीही दिसलं तरी हेच. निघताना ओढ्याच्या किंवा घळीच्या दिशेने खाली पळू नका, दरडीच्या वाटेतून आडवे बाजूला व्हा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, आणीबाणीसाठी ११२.

भेग जुनी आणि पाऊस उघडलेला असेल तर चिकणमातीने ती बुजवा, वर प्लॅस्टिकचं कापड घाला, आणि वरच्या अंगाला चर काढून पाणी बाजूने वळवा. मात्र तो चर दुसऱ्याच्या घरामागे सोडू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि दोन्हींतलं अंतर रोज सकाळ-संध्याकाळ मोजून तारखेसह लिहा. तलाठ्याकडे आणि तहसीलदार कार्यालयात अर्ज देताना ही वही आणि फोटो जोडा. नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा मोजमाप असलेल्या अर्जावर भूवैज्ञानिकांची पाहणी लवकर लागते. आणि अंतर दोन मोजण्यांमध्ये बोटभर वाढलेलं दिसलं तर तिसरं मोजायला थांबू नका.